कळवणपलीकडचा हुंकारा

नाशिक जिल्ह्यात माणसं देवदर्शनाला जातात, द्राक्षं खायला जातात, लग्नकार्याला तर जातातच. मी गेले होते म्हाताऱ्या माणसांची लाळ गोळा करायला. परत आल्यापासून हे वाक्य इतक्यांना ऐकवलंय की समोरच्याचा चेहरा कसा होणार हे मला आता आधीच ठाऊक असतं. तेव्हा आधी खुलासा करते आणि मग गाडीत बसू.

पुण्यात मी मानसशास्त्र शिकवते. म्हातारपणी काही माणसं एकामागून एक धक्के पचवून पुन्हा उभी राहतात आणि काही एकाच धक्क्यानं खाली बसतात, हे असं का होतं याचं मला पहिल्यापासून कुतूहल. हल्ली याचा शोध नुसत्या प्रश्नोत्तरांनी घेत नाहीत. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि त्याचा माग लाळेतही लागतो. सुई टोचायला नको की रक्त काढायला नको. कापसाची लहानशी वळकटी तोंडात घोळवायची आणि नळीत टाकून बूच लावायचं. हे द्रव्य वाढलं म्हणजे वाईट असं मात्र नाही. ते वाढायलाच हवं, नाहीतर सकाळी अंथरुणातून उठायची ताकद कुठून येणार? पाहायचं असतं ते काम झाल्यावर ते खाली येतं का, आणि आलं तर किती लवकर. कुकरमध्ये दाब चढल्याशिवाय डाळ शिजत नाही, पण शिट्टी अडकून बसली तर मग धडगत नसते. कोणत्या म्हाताऱ्यांचा दाब पटकन उतरतो आणि का, एवढंच मला बघायचं होतं.

दुसरा खुलासा आईचा. आई या प्रवासात माझ्याबरोबर होती, कारण तिला एकटं ठेवायची सोय नव्हती. आदल्या गणपतीत बाबा गेले. बाबा म्हणजे अखंड बोलणारा माणूस. भाजी आणायला गेले तरी तासाभराची हकीकत घेऊन यायचे, आणि आई ओट्याशी काम करता करता ऐकत असायची. तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडून देण्यात गेलेली, त्यामुळे कानांना दमणं माहीत नव्हतं. बाबा गेले आणि ती गप्पच झाली. रडली नाही, आजारी पडली नाही. स्वयंपाक करायची, औषधं घ्यायची, आणि काहीही विचारलं की "चालेल" म्हणायची. चहा करू? चालेल. दिवा घालवू? चालेल.

धाकटा भाऊ बंगळूरला असतो. त्यानं ठरवलं, आईनं तिकडे यावं आणि पुण्याचा फ्लॅट विकून टाकावा. गिऱ्हाईकही आलं होतं आणि त्याला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. भावाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्याला आईची काळजी होती. पण एकदा ते घर गेलं की परतीची वाट बंद, आणि आईला नक्की काय हवंय ते काही केल्या कळत नव्हतं. ती म्हणायची, "तुम्ही दोघं ठरवाल ते चालेल." सबंध जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांचं मन मोजायला मी निघाले होते, आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं माणूस मला उमगत नव्हतं. मला तिचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

नाशिक

फेब्रुवारीचे दिवस. पहाटे पुणं सोडलं आणि भाड्याच्या सुमोतून नाशिकला पोचलो ते थेट मिसळीच्या दुकानासमोर. नाशिकची मिसळ ही पुण्याच्या माणसानं नम्रपणे खायची गोष्ट आहे. इथे रस्सा काळा, सोबत भाजलेला पापड आणि दही, आणि पुन्हा रस्सा मागितला की मालक उपकार केल्याचा चेहरा करत नाही. मी दोन वेळा रस्सा घेतला. आईनं निम्मी मिसळ ठेवली. आवडली का विचारलं, तर म्हणाली, चांगली आहे.

गंगापूर रोडच्या बाजूला ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाच्या सभागृहात आमचं पहिलं काम होतं. आमची चाचणी अशी. माणसाला दोन परीक्षकांसमोर उभं करायचं आणि सांगायचं, समजा दुकानदारानं तुमच्यावर चोरीचा आळ घेतलाय, आता पाच मिनिटं तुमची बाजू मांडा. मग एका मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत खाली यायला लावायचं. ताण याचा नसतोच. ताण असतो परीक्षकांचा. त्यांनी चेहरा दगडासारखा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही, हो की नाही काही म्हणायचं नाही. बोलणारा अडकला तरी थोडा वेळ नुसतं बघत राहायचं आणि मग कोरडेपणानं म्हणायचं, "तुमचा वेळ अजून बाकी आहे, पुढे बोला." माणूस दुष्ट चेहऱ्यापेक्षा कोऱ्या चेहऱ्याला जास्त घाबरतो. चाचणीआधी आणि नंतर थोड्या थोड्या वेळानं लाळ घ्यायची. हे सगळं दुपारी करायचं, कारण सकाळी ते द्रव्य एरवीही चढलेलंच असतं.

नाशिकची मंडळी तयारीची निघाली. एक निवृत्त बँक मॅनेजर चोरीच्या खोट्या आळानं खरोखर संतापले आणि दुकानाचा पत्ता मागू लागले. एका मुख्याध्यापिकाबाईंनी वजाबाक्या भराभरा केल्या आणि वर आम्हालाच सुनावलं, की पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीला असली गणितं घालणं म्हणजे अपमान आहे. त्यांचा दाब काही चढला नसावा. परीक्षक म्हणून माझे दोन विद्यार्थी पुण्याहून आले होते. त्यांनी चेहरे छान दगडी ठेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. आई या सगळ्या वेळात बाहेरच्या बाकावर बसून होती. मंडळातल्या बायकांनी तिला तिळगुळाच्या उरलेल्या वड्या दिल्या, त्या तिनं रुमालात बांधून ठेवल्या.

पिंपळगाव बसवंत

पिंपळगावला द्राक्षांचा हंगाम भरात होता. आग्रा रोडवर टेम्पोंची रांग आणि पॅकहाउसमध्ये बायकांची. पांढरे रुमाल डोक्याला बांधून त्या कात्रीनं एकेक घड साफ करत होत्या, खराब मणी काढत होत्या. जो घड मला निर्दोष वाटला तो त्यांनी बाजूला टाकला. तो मी आणि ड्रायव्हरनं उभ्या उभ्या संपवला.

इथे मला पहाटेची लाळ हवी होती. जाग आल्याबरोबर, चूळसुद्धा भरायच्या आधीची, कारण उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते द्रव्य उसळी मारतं, आणि ती उसळी कशी आहे यावरून पुष्कळ कळतं. पॅकहाउसच्या मालकानं आसपासच्या वस्तीतल्या वयस्कर बायका जमवून दिल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना नळ्या वाटल्या, नीट समजावलं, दोनदा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी नळ्या आल्या. कापूस तपकिरी. एका नळीला लवंगेचा वास, एकीला वेलदोड्याचा. बायका न्हाऊनमाखून, कुंकू लावून माझ्यासमोर उभ्या. काय झालं होतं ते मला पाचव्या नळीला कळलं. उठल्याबरोबर आधी दातांना तंबाखूची मिश्री लावायची हा इथला नेम, तो तर झालाच होता. पण मिश्रीची सवय नसलेल्यांनीही खळखळून चुळा भरल्या होत्या आणि वर तोंडात काहीतरी सुवासिक टाकलं होतं. पारोशा तोंडाची थुंकी पुण्याहून आलेल्या पाहुणीच्या हातात द्यायची? असा आचरटपणा त्या करणार नव्हत्या. मला लाजिरवाणं वाटू नये म्हणून त्यांनी माझ्या लाळेचा, म्हणजे त्यांच्या लाळेचा, सत्यानाश केला होता.

मी विज्ञान सांगत बसले. कोणाच्या पचनी पडेना. शेवटी पॅकहाउसवर देखरेख करणाऱ्या बाई वैतागून त्यांना म्हणाल्या, "दवाखान्यात लघवी तपासायला देता, ती काय गुलाबपाणी घालून देता का?" मग जे हसू फुटलं ते आवरेना. दुसऱ्या दिवशीच्या नळ्या स्वच्छ आणि पारोशा मिळाल्या. त्या हसण्यात आई नव्हती. ती तिथेच उभी होती, सगळं ऐकत होती, पण काचेपलीकडे उभं असावं तसं. मला आठवलं, बाबांच्या असल्या गोष्टींवर ती पदर तोंडाला लावून हसायची.

नळ्या थंडीत ठेवायला हव्या होत्या, तर मालकानं त्या द्राक्षांच्या शीतगृहात, द्राक्षांच्याच खोक्यात ठेवून दिल्या. दुपारी निघायच्या वेळी पाहतो तो त्या खोक्यापुढे खोक्यांची भिंत उभी. जहाजानं परदेशी जाणाऱ्या मालात आमची लाळ जाते की काय या भीतीनं मी खोक्यांमध्ये शिरून शोधाशोध केली. सापडली. सर्दी मात्र मला झाली.

त्या रात्री वणीला मुक्काम होता, तिथल्या लॉजवर भावाचा फोन आला. गिऱ्हाईक घाई करत होतं. मी म्हटलं, रविवारी नाशिकहून सांगते. आईला विचारलं, तर तिनं नेहमीचं उत्तर दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

कळवण आणि पुढे

वणीवरून नांदुरीला आलो आणि सप्तशृंगीचा डोंगर समोर उभा राहिला. कळवणचे शेवाळे गुरुजी नांदुरीलाच येऊन थांबले होते. निवृत्त शिक्षक, डोक्याला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांची सगळी नोकरी पश्चिमेकडच्या पाड्यांवरच्या शाळांत गेलेली, म्हणून तिथली माणसं जमवून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. ते मूळचे सटाण्याकडचे. आपल्याकडच्या माणसांशी अहिराणी बोलत, माझ्याशी मात्र पुस्तकातली मराठी. गडावर जायचं का, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, चालेल. मी विचारलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विषय बदलून रस्त्याकडेचे पळस दाखवायला लागले. ते फुलले होते मात्र खरेच सुंदर.

कळवणला जेवण झालं, शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी, आणि तिथून अभोण्याच्या पुढे एका पाड्यावर गेलो. पाड्याचं नाव देत नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. कुडाच्या भिंती, कौलं, अंगणं सारवलेली. पण पाड्यावर तरुण माणूस दिसेना. गुरुजी म्हणाले, भात आणि नागली, म्हणजे आपली नाचणी, निघाली की सगळे खाली कामाला जातात, पिंपळगावच्या बागांत, कांद्यावर. पोरंसोरंही बरोबर. उन्हाळा संपेपर्यंत इथे फक्त म्हातारी माणसं. मी पिंपळगावला ज्यांच्या कात्र्या पाहून आले होते त्यातल्या किती जणींच्या आया इथे होत्या कोण जाणे.

पुण्यात आम्ही म्हणतो, एकटेपणा म्हाताऱ्यांना खातो. इथे तर वर्षातले सहा-सात महिने अख्खा पाडा म्हाताऱ्यांचा. मला वाटलं होतं, इथे नळ्या दुःखानं भरतील. पण मी बघत राहिले. ही माणसं या महिन्यांत चूल वेगवेगळी पेटवत नाहीत. रोज एका घरी सगळ्यांच्या भाकरी. ज्याच्या त्याच्या घरून पीठ, लाकूडफाटा, जे असेल ते येतं. जेवायच्या आधी ऊन उतरताना सगळे त्या अंगणात बसतात आणि प्रत्येक जण दिवसाचं काय ते सांगतो. शेळी कुठे गेली, गुडघा कसा दुखला, पोराचा निरोप काय आला. आणि एकानं सांगायला लागलं की समोरच्या एकानं हुंकारा द्यायचा असतो. कोण देणार हे आधी ठरतं, आज तू, उद्या मी. प्रत्येक वाक्याला "हं", "हं, मग?" नुसतं ऐकलं तर चालत नाही. हुंकारा देणाऱ्याची डुलकी लागली तर दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांचं पाणी भरायचं.

मला ही पद्धत फार आवडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच माझी चाचणी पार धुळीला मिळवली.

झालं असं. इथे परीक्षक म्हणून गुरुजी बसणार होते आणि पाड्यावरच्या आरोग्य केंद्रातल्या ताई. दोघांना मी चेहरा दगडी ठेवायचा सराव दिला. पहिले आजोबा उभे राहिले, चोरीच्या आळाचं ऐकून म्हणाले, मी नाय केली चोरी, पण कोणी केली ते मला ठावं हाय, सांगू का? गुरुजी ताबडतोब म्हणाले, "हं?" मी डोळे वटारले. पुढच्या वाक्याला ताईंनी मान हलवली. आजोबा खुलले, पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं बोलले आणि घाम आला तो मला. मी गुरुजींना बाजूला घेतलं. ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "ताई, समोर माणूस बोलतंय आणि आपण गप्प राहायचं, हे मला जमायचं नाही. इकडे ते फक्त मयताच्या बाबतीत होतं. मेलेला माणूस हुंकारा देत नाही."

दुसऱ्यांदाही तेच झालं. मला दगडी चेहऱ्याचं माणूस हवं होतं. आणि तेव्हा माझी नजर ओटीवर बसलेल्या आईकडे गेली. गेले कित्येक महिने ती हेच करत होती. कोणी काही बोलो, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मी तिला म्हटलं, आई, तू बसतेस का परीक्षक म्हणून? फक्त बसायचं, काही बोलायचं नाही, हसायचं नाही. "चालेल," आई म्हणाली. मी मनातल्या मनात म्हटलं, हिला तर सरावही नको. ही थट्टा मला स्वतःलाच बोचली, पण ऊन कलत चाललं होतं.

पुढचं नाव चिंधाबाईंचं. पाड्यावरच्या सगळ्यात वयस्कर आजी. वाळक्या, ताठ, कपाळावर गोंदण, हातात काठी नुसती धरायला. नवरा चार-पाच वर्षांपूर्वी गेलेला, थोरला मुलगा त्याच्याही आधी. मी गुरुजींना मागे बसवलं आणि खुर्चीवर आईला, तिच्याशेजारी मी स्वतः, हातात घड्याळ. चोरीच्या आळाचं सांगितलं. चिंधाबाई बोलायला लागल्या. पण कल्पनेतलं नव्हे.

त्या सांगत होत्या ते त्यांच्या तरण्या वयातलं. खाली एका बागेत कामाला होत्या. मालकिणीचं चांदीचं काही हरवलं आणि आळ चिंधाबाईंवर आला. सगळ्या मजुरांदेखत त्यांचं गाठोडं सोडलं, लुगडी झटकली, पोराचं अंगडंसुद्धा. काही निघालं नाही. ते नंतर मालकिणीच्याच घरात सापडलं, पण सापडलं असं त्यांना कोणी सांगायला आलं नाही. नवरा तिथेच होता. तो भांडला नाही, त्याची भांडायची ताकदच नव्हती.

एवढं बोलून त्या थांबल्या. आमच्या दोघींच्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं बघू लागल्या. नियमाप्रमाणे आम्ही दगड होऊन बसलो होतो. मी घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला.

"तवा मी म्हाताऱ्याला रोज सांगायची. रोज तेच सांगायची, त्यो रोज हं म्हनायचा. हंगाम सरला तवा कुठं ते माज्या पोटातून गेलं. आता... तुमी तर काहीच म्हनत नाय."

कॉर्टिसॉल त्या क्षणी चढलं असणार. हेच तर मोजायला मी आले होते. आता थोडा वेळ थांबायचं आणि ते कोरडं वाक्य म्हणायचं, तुमचा वेळ अजून बाकी आहे. मी तोंड उघडणार तोच शेजारून आवाज आला.

"हं," आई म्हणाली. "मग?"

मला वाटलं मला भास झाला. आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. चिंधाबाईंनी काठी खाली ठेवली आणि पुढचं सांगायला लागल्या, आणि आई प्रत्येक वाक्याला हुंकारा देत गेली. ट्रंक कॉलवरची, कान लावून बसलेली बाई मला कितीतरी दिवसांनी दिसत होती. माझी चाचणी गेली कामातून. मी घड्याळ बंद केलं. नळी भरायची आठवण गुरुजींनी करून दिली तर मी त्यांनाच दगडी चेहरा दाखवला.

चिंधाबाईंचं सांगून झालं तेव्हा त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "तुझा मानूस कवा गेला, बाई?" कपाळ पाहून ओळखलं असेल, किंवा हुंकारा ऐकून.

"गणपतीत," आई म्हणाली.

"सांग," म्हणाल्या, आणि तिच्या समोर मांडी घालून बसल्या. मागचे सगळे पुढे सरकले.

मी त्या दिवशी घरात नव्हते. फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं, आणि आईनं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की बसल्या जागी गेले. आता ती बोलत होती ते मी प्रथमच ऐकत होते. बाबा मंडईतून आले होते. तिथे कोणी जुना सोबती भेटला होता, त्याची गोष्ट त्यांनी सुरू केली. कुकर झाला म्हणून आई आत गेली. गॅस बंद केला, मग कोथिंबीर निवडायला घेतली. आतूनच हं म्हणत होती, नेहमीसारखी.

"हं," चिंधाबाई म्हणाल्या.

"हे बोलायचे केव्हा थांबले ते मला कळलंच नाही," आई म्हणाली. "मी आपली आतून हं, हं करतेय. सगळी जुडी निवडून झाली माझी. बाहेर येऊन बघते तर... मी कोणाला हं म्हणत होते?"

"हं," चिंधाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "मग?"

तेव्हा आई रडली. हमसून हमसून रडली, आणि मी तिच्याजवळ जायला उठले तर गुरुजींनी हात आडवा केला. चिंधाबाई हुंकारा देत राहिल्या, रडण्यालाही देत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला ऐकू येत व्हतं तोवर तू हं म्हनत व्हतीस. त्याची गोष्ट अर्धी राहिली नाय." मला बाबांची फार आठवण आली. मीही रडले, आणि शास्त्रज्ञांनी असं करायचं नसतं वगैरे काही मनात आलं नाही.

त्या संध्याकाळी चूल चिंधाबाईंकडे होती. नागलीच्या भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि लसणाचा ठेचा. आईनं रुमालातल्या तिळाच्या वड्या सोडून सगळ्यांना वाटल्या. नागलीची भाकरी थापणं सोपं नाही, पीठ चिकटत नाही, कडा फाटतात. आई चुलीशी बसून शिकायला लागली आणि तिच्या पहिल्या भाकरीचा जो नकाशा झाला त्याला सगळा पाडा हसला. आईही हसली. तिनं भाकरी दोन खाल्ल्या, त्यातली एक तिनं स्वतः केलेली, म्हणजे शिक्षा म्हणूनही धरता येईल.

पुन्हा नाशिक

माझं पुढचं काय झालं ते विचाराल तर, त्या पाड्यावरच्या चाचण्या बाद ठरल्या. नियम मोडला होता. चिंधाबाईंचा दाब किती चढला आणि किती लवकर उतरला, ते मला कधीच सांगता येणार नाही. ते कशानं उतरतं याचा मला अंदाज आला आहे, पण एका अंगणावरून निष्कर्ष काढू नये असं मी मुलांना शिकवते, तेव्हा गप्प बसते. पुढच्या खेपेला मी दगडी परीक्षकांची आणि हुंकारा देणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या चाचण्या घेणार आहे. गुरुजींना आत्ताच सांगून ठेवलंय, त्यांना सराव लागणार नाही.

रविवारी आम्ही नाशिकला उतरलो. स्टँडजवळ एका एसटीडी बूथपाशी मी सुमो थांबवली, कारण भाऊ वाट पाहत असणार. मी उतरले तर मागून आई उतरली. बूथमध्ये माझ्याआधी शिरली आणि रिसीव्हर उचलून नंबर फिरवला, न बघता, नोकरीत फिरवायची तसा. मी दाराशी उभी राहिले.

भाऊ बोलायला लागला. गिऱ्हाईक, भाव, बंगळूरची खोली, तिकडची हवा, जवळच असलेलं देऊळ, सगळं सांगत असणार. मला फक्त आईची बाजू ऐकू येत होती.

"हं," आई म्हणाली.

भाऊ पुढे बोलला.

"हं. मग?"

तो आणखी बोलला. ती शेवटपर्यंत ऐकत होती, एकदाही मधे तोडलं नाही. मग त्याचं बोलून संपलं असावं.

"नाही," आई म्हणाली. "घर विकायचं नाही, राजा. जिन्यातली सगळी माणसं आहेत माझी. मीच त्यांच्याशी बोलायचं सोडलं होतं, त्यांनी कुठे सोडलंय. उन्हाळ्यात येईन महिनाभर तुझ्याकडे." तिकडून काहीतरी बोलणं झालं. "काळजी तुला आहे, ठाऊक आहे मला. बरं, ते राहू दे. आता तुझं सांग. नीट जेवतोस का? आवाज का असा येतोय तुझा?"

आणि तो सांगायला लागला असणार, कारण बूथवाल्यानं आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि आई त्यावर ऐसपैस बसली.